फुलबॅकच्या पायांत चाकं

खोली भाड्यानं देताना लोक काय काय विचारतात! लग्न झालंय का, मासे चालतात का, पाहुणे किती येतील. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी गुरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही.

"खंयची गो तू?"

"कोल्हापूरची."

"मगे ऑफसाइड कळता मा तुका?"

कोल्हापुरात जन्मलेल्या पोरीला ऑफसाइड कळतो का, हे विचारणं म्हणजे मालवणच्या माणसाला बांगडा ओळखता का असं विचारणं. मी जरा फणकाऱ्यानंच हो म्हटलं. ते उठले आणि आत तोंड करून ओरडले, "अगो, खोली दिली!" आतून काकींचा आवाज आला, "कोणाक ता तरी इचारलात काय?" त्यांनी ते विचारलेलं नव्हतंच. माझं नाव त्यांना पुढे बरेच दिवस माहीत नव्हतं. ते मला शेवटपर्यंत 'डाक्टर' म्हणाले.

गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे 'बॅक' म्हणत. मुंबईतल्या एका कंपनीनं त्यांना फुटबॉलसाठी नोकरीत घेतलं होतं. दिवसभर टेबलावर बसायचं आणि संध्याकाळी कंपनीच्या टीममधून राइट बॅक म्हणून, म्हणजे उजवीकडून येणाऱ्यांना अडवायला, उभं राहायचं, अशी त्यांची हयात गेली. मी त्यांना काका म्हणे. उंच, काटकुळे, आणि पाय असे बाकलेले की दोन्ही गुडघ्यांमधून एखादं कोंबडं अंग न चोरता पलीकडे गेलं असतं. साठी उलटली होती, कंपनीनं त्यांना निरोप दिला होता, पण पायांनी काही राजीनामा दिला नव्हता.

हाताचं काम पायानं होत असेल तर ते हात लावत नसत. फाटक पायानं लावायचे, खुर्ची पायानं ओढायचे. माडावरून पडलेला नारळ तर पावलाच्या आतल्या बाजूनं असा ढकलायचे की तो अख्खं अंगण ओलांडून, तुळशीला वळसा घालून, पडवीत बसलेल्या काकींच्या विळीपाशी येऊन थांबायचा. काकी कडाडायच्या, "नारळाक पाय लावतात! वायच तरी लाज आसा?" काका लगबगीनं पुढे येत, वाकून नारळाला हात लावत, तो हात कपाळाला लावत, आणि परत जाऊन दुसऱ्या नारळाला लाथ घालत. हे पाप आणि हे प्रायश्चित्त रोज सकाळी न चुकता चाले. देवानं त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते सगळ्या संसाराला लागू पडतं असं त्यांचं म्हणणं होतं. "माणूस गेलो तर जावंदे, बॉल जावक नको. बॉल गेलो तर जावंदे, माणूस जावक नको. दोगय गेले तर मगे आपण थंय कित्याक उभे?" एकदा काकींची गाय आणि वासरू दोघंही शेजाऱ्याच्या चवळीत शिरली. काका धावले, वासराला कवटाळून धरलं आणि गाईकडे पाठ करून विजयी मुद्रेनं परत आले. गाईनं मागे सावकाश सगळा वाफा साफ केला. शेजारी भांडायला आला तर काका त्यालाच म्हणाले, "एक अडवलंय मा?"

फुटबॉलबद्दल कुणी चुकीचं बोललेलं त्यांना खपत नसे. टीव्हीवर मॅच चालू असताना काकी एकदा कौतुकानं म्हणाल्या, "तो काळ्या कपड्यातलो बगा, सगळ्यांत बरो धावता, पण तेका कोण बॉलच देणा नाय." तो रेफ्री होता. काका जेवणावरून उठले आणि हात न धुता अंगणात जाऊन उभे राहिले. मग परत येऊन त्यांनी रेफ्री म्हणजे काय, लाइनमन म्हणजे काय, हे सगळं वाटी, पेला आणि आंब्याची कोय मांडून समजावलं. काकींनी ऐकून घेतलं आणि वाटी घासायला टाकली.

काकींचा दोष नव्हता. लग्न झाल्यापासून त्या गावातच होत्या. सासू अंथरुणाला, माडाची बाग, गुरं. मुंबईच्या खोलीत जागा नव्हती आणि गावच्या घराला माणूस हवं होतं. नवऱ्याचा खेळ बघायला त्या एकदाच गेल्या. नेमकं त्या दिवशी काकांना शिक्षा होऊन बाहेर बसवलेलं होतं. आदल्या मॅचमध्ये त्यांनी कुणाला तरी बॉलसकट मैदानाबाहेर नेऊन ठेवलं होतं. काकी बिचाऱ्या नवी साडी नेसून पायऱ्यांवर बसल्या, आणि समोर नवरा पाण्याच्या बाटल्या घेऊन धावतोय.

"माका वाटला, ह्येंचा काम पाणी देवचा," काकी मला पुढे एकदा निवांतपणे म्हणाल्या. "म्हटला, आसांदे. तान्हेल्याक पाणी दिल्यार पुण्य लागता."

काका हे ऐकत शेजारीच बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पाहून मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. सगळ्या मुंबईनं त्यांना शिव्या दिल्या होत्या, खांद्यावर उचललं होतं, आणि घरच्या माणसाच्या मनात ते अजून पाणीच देत होते.

गुडघ्याचं प्रकरण माझ्याच पायरीवर सुरू झालं. एका सकाळी काका लुंगी वर करून बसले. "बैलाचो गुडघो बघतंस, रेड्याचो बघतंस. माझो बघूक तुका काय झाला?"

"काका, तुमचे डॉक्टर वेगळे."

"तो धावूक नको म्हणता."

"मीही तेच म्हणणार."

"बैलाक तू असा सांगतंस?"

"बैलाला सांगावं लागत नाही. त्याला आपलं आपण कळतं."

ते लुंगी खाली सोडून फणफणत निघून गेले. पण धावणं थांबलं. काका खुर्चीत बसून समुद्राकडे बघायला लागले, आणि काकी मला हळूच म्हणाल्या, "बाय, नारळ दोन दिवस जागच्या जागी पडले हत. माका बरा वाटणा नाय."

असे बरेच दिवस गेले आणि कुडाळच्या एका स्केटिंग क्लासनं काकांना बक्षीस समारंभाला बोलावलं. जुना खेळाडू म्हणून असं कुणी ना कुणी बोलावतं. नारळ, शाल, दोन शब्द. परत आले ते फाटक हातानं उघडून. मी चपापले.

"डाक्टर, ती चेडवां उलटी धावतत!"

मुली पाठीकडच्या दिशेनं गोलगोल घसरत होत्या, एका पायावर गिरक्या घेत होत्या. हा खेळ परदेशात बर्फावर खेळतात. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला, म्हणून इथे सिमेंटवर, चार चाकांच्या बुटांनी खेळतात. काकांनी त्यातलं फक्त उलटं धावणं पाहिलं होतं.

"जल्मभर मी काय केलंय? फॉरवर्डाकडे तोंड, गोलाकडे पाठ. उलटोच धावलंय. ह्यां माझाच काम. आणि गुडघ्याक धक्को नाय, चाकां आपली आपण जातत."

आम्ही हसलो. आठवड्याभरात बूट आले.

कुडाळच्या क्लासात शिकवणारी मुलगी पंचविशीची होती, काकांच्या लेकीसारखी, पण ते तिला 'म्याडम' म्हणत आणि ती बोलत असताना दोन्ही पाय जुळवून उभे राहत. "कोच हा ती. कोचाक उलट बोलूक नाय." मॅडमचं दुःख वेगळंच होतं. तिच्या सगळ्या शिष्यांना पुढे जाता येई आणि मागे जायला महिने लागत. काकांना मागे जाणं पहिल्या दिवसापासून जमलं. पुढे जायला गेले की पडत. त्यामुळे पुढच्या दिशेनं जायचं असेल तर ते आधी पाठ फिरवत, मग मानेनं मागे बघत उलटे जात. पाणी प्यायलाही उलटेच येत.

दुसरं दुःख हातांचं. इतक्या वर्षांत बॉलला हात लागू नये म्हणून काकांनी हात पाठीमागे बांधायची सवय लावून घेतली होती. मॅडम म्हणे, काका, हात पसरा, पाखरासारखे. काका हात उचलत आणि दचकून मागे नेत. शेवटी आमच्या वाडीतला एक दशावतारी मदतीला आला. तो नाटक कंपनीत राणीची कामं करी. त्यानं बंदरावरच्या मासळीच्या ओट्यावर, दुपारी तिथे कुणी नसताना, काकांना हात शिकवले. "बॅक, राणी रुसली की हात असो जाता. राजा इलो की असो. आणि युद्धाक निघाली की असो." काकांना युद्धाचा हात लगेच आला. रुसव्याचा हात यायला फार त्रास पडला, त्यासाठी ते घरी काकींकडे बघत बसत, आणि काकी विचारत, "काय बगतात? तोंडाक काय लागला हा?"

ओटा धुतलेला असला तरी मासळीचा बुळबुळीतपणा सिमेंटला राहतोच. एकदा काका एका टोकाला निघाले ते दुसऱ्या टोकाला थेट मिठाच्या पाटीत जाऊन बसले. तिथे जाळं निवडणारी एक बाई मान वर न करता म्हणाली, "बॅक, सुरमय पण आमची इतकी घसरणा नाय." काका मिठातून उठले नाहीत. त्यांनी एक हात पोटरीवर ठेवला, दुसरा हात वर केला आणि चेहरा वेदनेनं वाकडा करून इकडेतिकडे पाहिलं. ते रेफ्री शोधत होते. पडलं की फाऊल मागायचा, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलं होतं की पाडणारं कुणी नाही, याचं त्यांना दरवेळी नव्यानं आश्चर्य वाटे.

एवढ्यावर भागलं असतं. पण कोल्हापूरला स्पर्धा होती आणि तीत मोठ्या वयाच्यांचा वेगळा गट होता. काकांनी जाहीर केलं की आपण उतरणार.

काकींनी विळी बाजूला ठेवली. "ह्या वयात चाकां लावन नाचतलात? चार लोकांत? माझ्या माहेरची माणसां कोल्हापुराक आसत!"

"तू येवक होया बगूक."

"मी? मेल्यार येवचंय नाय."

भांडण वाढलं आणि कोकणात जे होतं तेच झालं. प्रकरण देवाकडे गेलं. गावच्या देवळात गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. याला कौल म्हणतात आणि त्यावर अपील नाही. गुरवानं आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू चाकाचे बूट घालून घाटावर जावक बगता, तेका जर तुझी परवानगी आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "होय म्हाराजा!" उजवी कळी टपकन पडली. काकांनी मैदानात गोल झाल्यावर मारतात तशी उडी मारली आणि गुडघा धरून खाली बसले.

काकी शांतपणे पुढे आल्या. म्हणाल्या, आता माझा घाला. "बा देवा म्हाराजा, ह्येंच्या डोक्यातला ह्यां खूळ कायमचा उतरूचा आसात तर उजवो दी." पुन्हा होय म्हाराजा, आणि पुन्हा उजवी कळी.

गुरवाच्या घराण्यावर असा प्रसंग बहुधा आलेला नसावा. त्यानं बराच वेळ पाषाणाकडे पाहिलं, मग आमच्याकडे वळून म्हणाला, "देव दोन तोंडान बोलणा नाय. दोनय खरा. एकदाच जावचा, एकदाच नाचूचा, आणि घराक इल्यार बूट माळ्यावर."

काकांचा चेहरा पडला, पण ते मान झुकवून हो म्हणाले. आत्ताच सांगून टाकते, शब्द त्यांनी पाळला. स्पर्धेनंतर ते बूट त्यांनी पायांत घातले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"डाक्टर, पैला-दुसरा माका नको. त्या गटात मी एकटोच आसंय, पैलोय मीच, शेवटचोय मीच. पण तुझी काकी येवक होया. मी काय खेळी होतंय ता तिना बगूक नाय. आता फुटबॉल काय माझ्यान जमणा नाय. ह्यां एकदाच जमात."

मग माझ्या लक्षात आलं, माणूस कशासाठी मिठात पडत होता.

काकींना मी किती विनवलं! त्या हलेनात. शेवटी मी म्हटलं, काकी, माझ्या घरी चला, अंबाबाईचं दर्शन तरी घ्या. त्यांनी थोडा विचार केला. "अंबाबायचा दर्शन घेवक येतंय," त्या म्हणाल्या. "ह्येंचो नाच बगूक नाय. ता आधीच सांगान ठेवतंय."

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच माझी आई काकींना घेऊन देवळात गेली. मी काकांबरोबर हॉलवर. दशावताऱ्यानं त्यांना जांभळ्या मखमलीचा, टिकल्यांचा अंगरखा शिवून दिला होता. पाठीवर काकांनी हट्टानं पांढऱ्या कापडाचा मोठा दोनचा आकडा लावून घेतला होता, राइट बॅकचा. मॅडमनं तो पाहिला आणि डोळे मिटले. आजूबाजूला परीसारख्या सजलेल्या लहान मुली आणि मधोमध बाकड्या पायांचे काका. एक मुलगी आईला विचारत होती, हे राक्षस आहेत का?

काकांचं लक्ष दाराकडे होतं. मी आईला फोन केला. "अगं आलोच," आई म्हणाली, "रांग किती मोठी आहे! अजून ओटी भरायचीय." माझ्या आईचं 'आलोच' कोल्हापुरात प्रसिद्ध आहे. मी काकांकडे बघून 'नाही' अशी मान हलवली, आणि नेमकी त्याच वेळी त्यांच्या नावाची हाक झाली.

त्यानंतर मी जे पाहिलं, ते कोल्हापुरात वाढलेल्या माणसालाच कळेल. एका गोलनं पुढे असलेली टीम शेवटच्या मिनिटांत वेळ काढते, आणि त्या कलेत बॅकचा हात कुणी धरत नाही. काका रिंगणात आले, उलटे. मध्यापर्यंत पोचले आणि नाडी बांधायला वाकले. एक बांधली, दुसरी सोडली, ती बांधली. मग पंचांकडे जाऊन, घरी कधी न काढलेल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "मॅडम, त्या कोपऱ्यात फरशी ओली आहे असं मला वाटतं." फरशी पुसली गेली. "दुसऱ्याही कोपऱ्यात." तीही पुसली. मग एक बूट काढून त्याचं चाक फिरवलं आणि कानाशी धरलं. मग पाणी मागितलं, घोटघोट प्यायले, आणि बाटली स्वतः नेऊन ठेवतो म्हणाले. पंचबाई उभ्या राहिल्या. "काका, आता सुरू केलं नाहीत तर बाद करावं लागेल." काकांनी पोटरी धरली. "क्रॅम्प," ते म्हणाले आणि आडवे झाले. मॅडम माझ्या शेजारी रडकुंडीला आली होती. मला माझ्या पेठेच्या टीममधले सगळे बॅक आठवले आणि अभिमानानं ऊर भरून आला.

पंचबाईंनी माइक उचलला, आणि दारातून काकी आत आल्या. कपाळावर मळवट, हातात प्रसादाची पुडी, मागून धापा टाकत माझी आई.

"अजून सुरू होवक नाय?" काकी माझ्या शेजारी बसत म्हणाल्या. "माका वाटला, आटापला आसतला. म्हणान इलंय."

रिंगणात क्रॅम्प खडखडीत बरा झाला.

दशावताराची पेटी वाजली, पखवाजावर थाप पडली. पियानोची सवय झालेला तो हॉल दचकला. काकांनी पाठ फिरवली आणि मागे निघाले, संथ, मोठा गोल घेत. हात उचलले. ते मागे गेले नाहीत, पसरले. राणी रुसली, राजा आला. मला वाटलं होतं मी हसेन. मी हसले नाही. बाकडे पाय वाकून वळण घेत होते आणि इतका वेळ खिदळणारी पोरं गप्प झाली होती. मग युद्धाची लय सुरू झाली, काकांनी जोरात गिरकी घेतली आणि धाडकन पडले. एक हात पोटरीवर गेला, दुसरा वर, आणि चेहरा रेफ्रीला शोधू लागला. सगळा हॉल हसला.

काकी माझा दंड धरून म्हणाल्या, "कोणी पाडल्यान?"

"कुणी नाही काकी. आपले आपण पडले."

"मगे उठतले," काकी म्हणाल्या आणि परत नीट बसल्या.

ते उठले. संगीत पुढे गेलं होतं, त्यांनी ते गाठलं. शेवटच्या थापेला हात युद्धाचा की रुसव्याचा हे त्यांच्याही लक्षात राहिलं नसावं, पण दोन्ही हात वर होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. काकी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांच्या हातात प्रसाद होता.

हॉलबाहेर काका गळ्यात पदक घालून आले, चाकांच्या उंच बुटांतून साध्या चपलांत उतरल्यामुळे बुटके झाल्यासारखे. काकींनी पुडी सोडली, त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि विचारलं,

"मुंबैक असोच खेळत होतात?"

मी डोळे मिटून घेतले. आता वाटी, पेला आणि कोय निघणार होती. फुटबॉल म्हणजे काय, हे म्हणजे काय, चाकं कुठे, बॉल कुठे, अकरा माणसं कुठे. काकांनी काकींकडे पाहिलं, मग हातावरच्या प्रसादाकडे.

"होय," ते म्हणाले. "असोच."

काकींनी पदराच्या टोकानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. भर रस्त्यात असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बरा खेळत होतात," त्या म्हणाल्या.

"मगे? उगाच घेतल्यानी काय माका टीमीत?" काका म्हणाले, आणि तिथेच रडायला लागले.